दुसऱ्याच्या गुडघ्याला मंजुरी

आपली पाठ लेकीला अभ्यासापुरती वापरायला द्यावी, हा निर्णय हेडक्लार्कांनी एका संध्याकाळी कपबश्या विसळता विसळता घेतला. फार विचारपूर्वक घेतला असं नाही. (विचारपूर्वक घेतलेले त्यांचे निर्णय याहून वाईट ठरत, हा भाग वेगळा.)

लेक फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आली होती. आत्तापर्यंत तिची एक वर्गमैत्रीण घरी यायची आणि दोघी आळीपाळीने एकमेकींच्या अंगावर अभ्यास करायच्या. त्या मैत्रिणीचे तळवे बारा महिने बर्फासारखे गार. ती आली की आधी लेकीची किंकाळी ऐकू यायची आणि मग अभ्यास सुरू झाला असं समजायचं. पण मैत्रिणीची आई एका शाळेची मुख्याध्यापिका. दुसऱ्याच्या घरी जाऊन अभ्यास होतो यावर तिचा आयुष्यभरात विश्वास बसला नव्हता. तिने आपल्या लेकीला बजावलं, "आता काय तो अभ्यास माझ्यावर कर." झालं. मैत्रीण यायची बंद झाली आणि हेडक्लार्कांची लेक हाडामासाच्या माणसावाचून अडून बसली.

"मी आहे की," हेडक्लार्क कपबशी पुसत म्हणाले.

"तुम्ही काय, बाबा?"

"म्हणजे माझी पाठ आहे. खांदे आहेत. गुडघे दोन आहेत. सगळं जागच्या जागी आहे. तुला काय काय लागतं ते बघ."

लेकीने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. नव्या भाडेकरूने जुन्या घराकडे पाहावं तसं.

घरात आता ही दोघंच होती. हेडक्लार्कांची बायको जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. एकमेकांना आपला त्रास नको म्हणून दोघंही इतकी जपून वागत, की कधीकधी घरात दुसरं कोणी आहे हे कळायला नळाचा आवाज यावा लागे. तेव्हा लेक "बरं, झोपा पालथे" म्हणाली याचा हेडक्लार्कांना मनातून इतका आनंद झाला, की शर्ट काढायच्या आधीच ते सतरंजीवर पालथे झाले.

पहिले काही दिवस ॲनाटॉमीचे गेले. लेक बोटांनी चाचपून हाडाची कड शोधायची आणि निळ्या मार्करने पाठीवर तिची रेघ ओढायची. हेडक्लार्कांना ते दिसत नव्हतं, त्यामुळे त्यांची उत्सुकता आणखीच वाढायची.

"आत्ता कुठं आहेस?"

"फऱ्याच्या हाडाच्या खालच्या टोकाशी."

"आणि हे काय गेलं वरनं?"

"ट्रॅपिझियस. मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला स्नायू आहे."

"एवढा मोठा? आणि हे सगळं इतकी वर्षं माझ्या मागे चाललंय, अन् मला कोणी सांगितलं नाही?"

"हलू नका. तुम्ही हललात की तुमची फासळी चुकते माझी."

"चुकते म्हणजे? मोजून बघ बाई. असेल तिथंच. जाणार कुठं?"

अंघोळीनंतर रेघा जातील असं दोघांनी गृहीत धरलं होतं. रेघांनी तसं धरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कचेरीत ते फायलीवर वाकले असताना मागच्या टेबलावरचा ज्युनिअर क्लार्क खुर्चीतून उठूनच आला.

"साहेब, तुमच्या मानेवर सात लिहिलंय."

"मणका आहे तो," हेडक्लार्क मान न वळवता म्हणाले. "मानेचा सातवा."

"मग आधीचे सहा?"

"ते आत असतात. दिसत नाहीत. सातवाच तेवढा पुढे आलेला असतो."

"म्हणजे आपल्या कचेरीसारखंच की. काम सहा जणांनी करायचं आणि पुढे यायचं सातव्याने."

हेडक्लार्क मनापासून हसले. (आपल्या खात्यात आपल्यासकट बरोबर सात माणसं आहेत, हे त्यांना घरी पोचल्यावर आठवलं.)

ॲनाटॉमी संपून पॅथॉलॉजी लागली तसे हेडक्लार्क खरे रंगात आले. आता त्यांनी नुसतं पडून राहायचं नव्हतं, आजारी व्हायचं होतं. लेक सांगायची, "आज तुमची कंबर धरलीय." मग ते बाहेर जायचे, दार वाजवायचे आणि कंबर धरून आत यायचे. कचेरीतून घरी येतानाच आज आपल्याला काय झालं असेल याचा ते विचार करू लागले. रस्त्याने कोणी लंगडताना दिसला तर हे चार पावलं त्याच्या मागे जात. हा उजव्या पायाने लंगडतो की डाव्या पायाला सांभाळतो, याचा छडा लागेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. एकदा अशा माणसाने मागे वळून "काय हवंय?" असं विचारलं तेव्हा यांच्या तोंडून निघून गेलं, "काही नाही. दुखणं गुडघ्याचं आहे की खुब्याचं, एवढंच." त्या माणसाने लंगडणं सोडून पळ काढला.

"दुखणं कधीपासून आहे तुमचं?" लेक तपासणीच्या सुरात विचारायची.

"काय सांगू ताई, जिन्यावरनं कपाट चढवत होतो. कपाट सासऱ्यांनी दिलेलं. आता सासऱ्यांचं आणि माझं पहिल्यापासूनच…"

"बाबा, सासरे नकोत."

"अगं, सासरे नसते तर कपाट नसतं. कपाट नसतं तर कंबर धरली नसती. मूळ कारण नको का तुला?"

सगळ्या पेशंटांत त्यांचा हातखंडा होता तो खांद्याच्या पेशंटात. आखडलेला खांदा. लेक म्हणायची, "उजवा हात बाजूने वर न्या," आणि हात खांद्याच्या रेषेपर्यंत येऊन तिथेच थांबायचा. चेहऱ्यावर वेदना, कपाळाला आठ्या, अन् हाताऐवजी सगळा खांदाच कानाकडे उचललेला.

"बाबा! काय जमवलंय हो! पुस्तकात अगदी अस्संच लिहिलंय. हात जात नाही म्हणून पेशंट खांद्याचं अख्खं पातं उचलतो. तुम्हाला कोणी शिकवलं?"

"निरीक्षण लागतं त्याला," हेडक्लार्क नम्रपणे म्हणायचे.

खरं सांगायचं तर या पेशंटाला त्यांना मेहनतच पडत नसे. कंबरेला आठवून आठवून वाकावं लागे, गुडघ्याला मधेच विसर पडे. खांदा मात्र आपोआप अडायचा आणि चेहरा आपोआप वाकडा व्हायचा. याला ते अंगभूत कला म्हणत. (वरच्या फळीवरचे डबे त्यांनी मध्यंतरी खालच्या फळीवर आणून ठेवले होते, तेही डाव्या हाताने. रोज रोज हात उंचावायचा कशाला, एवढंच त्यांचं म्हणणं. केस विंचरायचा प्रश्न डोक्याने पूर्वीच निकालात काढला होता.)

हेडक्लार्कांची थोरली बहीण, म्हणजे लेकीची आत्या, अधूनमधून घर बघायला यायची. एकदा ती नेमकी खांद्याच्या वेळी आली. भाऊ विव्हळतोय आणि भाची शांतपणे कोन मोजतेय, हे तिने दारातूनच पाहिलं.

"काय गं, काय झालं याला?"

"काही नाही आत्या, बाबा पेशंट झालेत."

"अस्सं होय! मग बरोबर आहे. लहानपणी शाळा बुडवायला हा अस्साच विव्हळायचा. आई फसायची. मी नाही कधी फसले." आणि ती पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेली.

राहता राहिला एथिक्स. तो पेपर लिहून झाला होता, पण प्रॅक्टिकलला खरी मेख तिथेच होती. पेशंटला हात लावण्याआधी आपण कोण, काय करणार, दुखेल का, हे सांगायचं आणि त्याची संमती घ्यायची. न विचारता हात लागला की नापास. पुढचं काही बघायचंच नाही, असा त्यांच्या कॉलेजचा नियम.

"मी आता तुमच्या खांद्याला हात लावून तपासणार आहे. थोडं दुखेल. चालेल का?"

"अगं, विचारतेस काय? बाप आहे मी तुझा."

"बाबा, पेशंट व्हा ना."

"बरं. चालेल."

"आता हात बाजूने वर नेणार आहे. चालेल का?"

"चालेल."

"आता कोपर…"

"चालेल गं! किती विचारतेस! तुझ्या आईनेही लग्नानंतर मला इतकं काही विचारलं नाही."

लेक हसली, पण तिने हात खाली घेतला. "आईला शेवटी शेवटी सगळे नुसते वळवायचे," ती म्हणाली. "नर्स, वॉर्डबॉय, मी, तुम्ही. प्रेमानेच. पण उचलायचे आणि वळवायचे. विचारायच्या त्या एकच फिजिओ ताई. आईला बोलता येत नव्हतं, तरी विचारायच्या. आणि उत्तर येईपर्यंत थांबायच्या."

हेडक्लार्कांनी मान हलवली. बायकोचं आजारपण काही वर्षं चाललं होतं, आणि त्याच्या सुरुवातीलाच त्या ताईंकडे बघून लेकीने हा कोर्स धरला, हे त्यांना ठाऊक होतं. त्यावर बोलण्याची दोघांची अजून तयारी नव्हती. म्हणून त्यांनी लगेच कामाची गोष्ट काढली.

"हे बघ," ते म्हणाले, "वेळ थोडा आणि सांधे पुष्कळ. रोज रोज प्रत्येक सांध्याला वेगळी परवानगी घेत बसलीस तर पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचेतो परीक्षा होऊन जाईल. कचेरीत आम्ही काय करतो? किरकोळ कामाला दरवेळी नवी मंजुरी मागत नाही. वर्षाच्या सुरुवातीला एकदाच सर्वसाधारण मंजुरी. तशी मी तुला देतो. डोक्यापासून टाचेपर्यंत, परीक्षा होईपर्यंत, मंजूर!"

हा शब्द उच्चारताना त्यांना फार बरं वाटलं. सगळी नोकरी त्या कचेरीत गेली, पण हेडक्लार्कांनी स्वतः कधी काही मंजूर केलं नव्हतं. मंजुरी साहेबांची. यांचं काम कागद नीट लावून टेबलावर ठेवायचं आणि साहेबांचं पेन चालतंय ना ते बघायचं. आयुष्यात पहिल्यांदाच कशाला तरी 'मंजूर' म्हणायचा अधिकार हाती आला होता. मग ते जरा वाहवत गेले. लेक नुसतं "सुरू करते हं" म्हणाली की सतरंजीवरून खणखणीत आवाज यायचा, "मंजूर!" पुढे पुढे ती शेजारच्या खोलीत पुस्तक उघडताना पुटपुटली तरी हे इकडून मंजुरी द्यायचे. लेकीलाही ते सोयीचं वाटलं. हसत हसत तिने विचारणं सोडून दिलं.

परीक्षेच्या दिवशी प्रत्येकीने आपला मॉडेल आपण आणायचा होता. हेडक्लार्क ठेवणीतला बनियन घालून, नखं कापून गेले. मोठ्या हॉलमध्ये ओळीने खाटा आणि खाटांच्या मध्ये हिरवे पडदे. शेजारच्या खाटेवर मुख्याध्यापिकाबाई आधीच ताठ बसल्या होत्या, आणि गार हातांची मैत्रीण कोपऱ्यात तळवे चोळत उभी होती.

परीक्षक बाई आल्या. ठेंगणी मूर्ती, कपाळावर ढकललेला चष्मा, आवाज मात्र शेवटच्या खाटेपर्यंत पोचणारा.

"घरच्या माणसावर सगळेच चांगला अभ्यास करतात," त्या म्हणाल्या. "शेजारशेजारच्या दोघींनी आपापले मॉडेल बदला. आणि मॉडेलनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. सूचना करायच्या नाहीत. अभिनय करायचा नाही."

अभिनय करायचा नाही! हेडक्लार्कांचा चेहरा पडला. रस्त्याने लोकांच्या मागे लंगडत जाऊन केलेली सगळी तयारी वाया.

तर मैत्रीण इकडे आली आणि लेक पडद्यापलीकडे मुख्याध्यापिकाबाईंकडे गेली. मैत्रिणीला आईने शिस्तीत तयार केलं होतं. तिने नाव सांगितलं, काम सांगितलं, "माझे हात जरा गार आहेत, आधीच माफी मागते," हेही सांगितलं, आणि "चालेल का?" म्हणून थांबली.

"चालेल," हेडक्लार्क म्हणाले आणि ते हात लागताच त्यांनी ओठ चावले.

"मला चांगल्या खांद्याची तपासणी आलीय, काका. उजवा हात बाजूने अगदी वर, कानापर्यंत न्यायचा."

हात उठला, खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि थांबला.

"वर, काका."

"हो हो."

"आणखी वर."

"नेतोय."

"काका," मैत्रीण रडवेल्या आवाजात कुजबुजली, "प्लीज अभिनय नको ना. तुम्ही खांद्याचा पेशंट छान करता, हिने सांगितलंय मला. पण मला नॉर्मल खांदा आलाय. माझे मार्क जातील."

हेडक्लार्कांनी जीव एकवटला. अभिनय करत नाही, करत नाही, असं तीनदा मनाशी म्हणाले. हात जागचा हलेना. त्यांनी स्वतःच्या हाताकडे आश्चर्याने पाहिलं. इतके दिवस तो आपल्या सांगण्यावरून थांबतो अशी त्यांची समजूत होती. आज थांबू नको म्हटलं तरी तो थांबला होता. वेदना बाजूला राहिली आणि त्यांना भलतंच कुतूहल वाटू लागलं. हे नाटक आपण नक्की कोणत्या दिवशी सोडलं? की कधी सुरूच केलं नव्हतं?

आणि हात तसा अधांतरी धरून ते या विचारात बुडालेले असतानाच पडद्यापलीकडून लेकीचा सवयीचा आवाज आला.

"झोपा आरामात. सुरू करते हं."

"मंजूर!" हेडक्लार्क गरजले.

 मग लांबच्या कुठल्यातरी खाटेवर कोणीतरी खुदकन हसलं.

"मंजूर कोण म्हणालं?" परीक्षक बाईंची चप्पल जवळ येऊ लागली.

तेवढ्यात मधला पडदा सर्रकन बाजूला झाला. मुख्याध्यापिकाबाई खाटेवर उठून बसल्या होत्या. त्यांच्या एका गुडघ्यावरची चादर बाजूला होती आणि लेकीचा हात त्या गुडघ्याच्या वर हवेतच थांबला होता. लेकीचा चेहरा चादरीपेक्षा पांढरा.

"माझ्या गुडघ्याला परस्पर मंजुरी देणारे हे गृहस्थ कोण?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

"तो… माझ्या अखत्यारीतला नाही," हेडक्लार्क चाचरत म्हणाले. "गुडघा. चुकून झालं."

"मंजुरी मागे घ्या."

"घेतली."

परीक्षक बाईंनी चष्मा नाकावर घेतला आणि लेकीकडे पाहिलं. "हे कोण?"

"माझे वडील, मॅडम. पण त्यांची चूक नाही. घरी त्यांनी एकदाच कायमची संमती दिली होती. मी 'सुरू करते' म्हटलं की ते 'मंजूर' म्हणतात. मला सोयीचं वाटलं."

"कोणाला सोयीचं वाटलं?"

"मला, मॅडम."

"पडद्याआडच्या माणसाने या बाईंसाठी दिलेली संमती चालते?"

"नाही."

"यांच्या नवऱ्याने दिली तर? मुलीने?"

"नाही मॅडम. त्यांना समजतंय ना, मग त्यांनाच विचारायचं. दरवेळी विचारायचं. आणि त्यांना ती केव्हाही मागे घेता येते."

"आणि पेशंटला बोलताच येत नसेल तर?"

लेकीने एकदा वडिलांकडे पाहिलं. हेडक्लार्कांनी उत्तर सांगायला तोंड उघडलं, पण मॉडेलनी बोलायचं नाही हे या वेळी त्यांना आठवलं.

"तरी तिलाच विचारायचं," लेक म्हणाली. "समोर बसून. तिच्या डोळ्यांकडे बघत. मान हलेपर्यंत थांबायचं. घाई असली तरी."

पेशंट 'ती' कधी झाली, हे परीक्षक बाईंनी विचारलं नाही. त्यांनी फक्त सूर थोडा खाली आणला. "एवढं माहीत आहे. मग आज विचारणार होतीस का?"

इथे 'हो' म्हणायला जागा होती. हेडक्लार्कांनी मनातल्या मनात लेकीच्या वतीने तीनचार 'हो' म्हणूनही टाकले.

"नाही, मॅडम," लेक म्हणाली. "विसरले होते. बाबांचा आवाज आला तेव्हा आठवलं."

परीक्षक बाई मुख्याध्यापिकाबाईंकडे वळल्या. "हात लागला होता का?"

मुख्याध्यापिकाबाईंनी पेपर तपासावा तसा गुडघा नीट न्याहाळला. "आला होता," त्या म्हणाल्या. "लागला नव्हता. मंजुरी आधी आली."

"मग नियमाने नापास करता येत नाही. संमतीचे गुण मात्र गेले. सुरू कर पहिल्यापासून."

लेक खाटेशी गुडघे टेकून बसली. तिने नाव सांगितलं, काम सांगितलं, मुख्याध्यापिकाबाईंच्या डोळ्यांत पाहत "चालेल का?" असं विचारलं आणि थांबली. मुख्याध्यापिकाबाईंनीही तिला चांगलं ताटकळत ठेवलं. मग म्हणाल्या, "चालेल. पण हात गरम आहेत ना तुझे? घरी फार सोसलंय मी."

परीक्षक बाई जायला निघाल्या, तेव्हा त्यांचं हेडक्लार्कांकडे लक्ष गेलं.

"हात खाली घ्या आता. शपथविधी संपला."

"खाली येतो," हेडक्लार्क म्हणाले. "वर जात नाही."

"मॅडम, काका अभिनय करतायत," मैत्रीण डोळे पुसत म्हणाली. "ते फार चांगला करतात."

"बघू का मी? थोडं दुखेल. चालेल?"

"मंजूर," हेडक्लार्क सवयीने म्हणाले, आणि पुढच्याच क्षणी आपण हे का म्हणालो असं त्यांना झालं. परीक्षक बाईंनी एका हाताने पातं दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने दंड फिरवला. हेडक्लार्कांच्या तोंडून जो आवाज निघाला त्याची तालीम त्यांनी कधीच केली नव्हती.

"अभिनय नाही हा," बाई म्हणाल्या. "खराखुरा आखडलेला खांदा आहे. चांगला जुना आहे." मग पलीकडे पाहून लेकीला म्हणाल्या, "याच खांद्यावर रोज अभ्यास केलास?"

"हो मॅडम."

"आणि काय निदान केलंस?"

लेकीने मान खाली घातली. "बाबांना छान जमतंय, असं."

गार हातांच्या मैत्रिणीला त्या दिवशी सगळ्यांत जास्त गुण मिळाले. नॉर्मल म्हणून दिलेल्या खांद्यात तिने आजार शोधून काढला, असं धरलं गेलं. लेक पास झाली, संमतीच्या रकान्यात भोपळा घेऊन. हेडक्लार्कांनी कचेरीत पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली आणि जेवढ्या जणांनी विचारलं तेवढ्यांना गुडघ्याची हकिगत सांगितली. ज्युनिअर क्लार्क म्हणाला, "साहेब, अख्ख्या नोकरीत एकच गोष्ट मंजूर केलीत, तीही दुसऱ्याची!"

पण घरी आल्यावर त्यांना उगाच सुनंसुनं वाटू लागलं. सतरंजी गुंडाळून कपाटावर गेली होती. (लेकीने ठेवली होती. यांचा हात तिथवर पोचला नसता.) परीक्षा संपली, पेशंट संपले. आता पुन्हा आपापल्या खोल्या आणि नळाचा आवाज. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं आणि एकच ओळ बराच वेळ वाचली.

लेक आली. तिने कपाटावरून सतरंजी काढली आणि झटकून पसरली.

"परीक्षा झाली ना?" हेडक्लार्क म्हणाले.

"माझी झाली. तुमची सुरू झालीय. बसा." ती समोर बसली. "दुखणं कधीपासून आहे तुमचं?"

हेडक्लार्कांनी तोंड उघडलं. कपाट, जिना, सासरे, सगळे जिभेवर हजर होते. पण ती पेशंटकडे बघावं तशी बघत होती आणि थांबली होती.

"नक्की नाही सांगता येत," ते म्हणाले. "तुझ्या आईला उशीवर वर सरकवायचो ना. उजव्या बाजूने. तेव्हा कधीतरी असेल. तेव्हा लक्ष नव्हतं तिकडे."

 लेकीने त्यांच्या खांद्यापाशी हात नेला आणि तो हवेतच धरला.

"हात लावू का? दुखेल थोडं. चालेल का, बाबा?"

'मंजूर' ओठांवर आलं होतं, ते त्यांनी मागे घेतलं.

"चालेल," ते म्हणाले.

मग तिने पातं दाबून धरलं आणि हात वर नेला. शिकली होती, पास झाली होती, आता तिला तो अर्ध्यावर सोडायचं कारण नव्हतं. हेडक्लार्क असे ओरडले की समोरच्या घराची खिडकी उघडली.

स्वयंपाकघरात आत्या आलेली होती. लाटणं हातात घेऊन ती दारात आली, कमरेवर हात ठेवून भावाकडे पाहिलं आणि म्हणाली,

"अरे, परीक्षा संपली ना तिची? मग आता पुरे कर की! आणि खरं सांगू? आधी नाटक बरं करायचास. आज अगदीच खोटं वाटलं."